व्यस्त प्रमाणात पाप

निवृत्त माणसाला पुण्यात दोन वाटा मोकळ्या असतात. एक वेताळ टेकडीवर जाते आणि दुसरी वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे. मला चढण सोसत नाही, आणि पत्रं लिहायची तर महानगरपालिकेबद्दल निदान थोडी आशा तरी शिल्लक लागते. म्हणून मी तिसरी वाट धरली. घरात बसून बागेतल्या पक्ष्यांचे फोटो काढायचे.

त्याचं असं झालं, की अमेरिकेतल्या भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि जुना मला प्रेमाने दिला. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं प्रेम बहुतेक वेळा जुन्या वस्तूंवर बसूनच येतं. आमचं घर प्रभात रोडच्या एका गल्लीत, तळमजल्यावर. आजूबाजूचे बंगले पुनर्विकासाला जाऊन सात-सात मजल्यांचे होऊन परत आले, पण आमच्या तीन भावांचं अजून एकमत व्हायचं असल्यामुळे आमची बाग शिल्लक आहे. भाऊबंदकीने वाचवलेली एवढी झाडं वनखात्यानेही वाचवली नसतील. एक आंबा, दोन जास्वंदी, स्वयंपाकघराच्या खिडकीवर चढलेला जाईचा वेल आणि खाली पाण्याने भरलेलं मातीचं परळ. एवढ्या भांडवलावर आमच्याकडे जो पक्षिगण येतो, तो पाहिला की सबंध पेठ उतरल्यासारखी वाटते. चष्मेवाले येतात ते घोळक्याने, आणि एका फांदीवर एक मिनिटही न टिकता चर्चा मात्र अखंड. शिंप्याचा आकार अंगठ्याएवढा आणि आवाज भाजीवाल्याचा. सातभाई सात असतातच असं नाही, पण भांडताना सात वाटतात. आणि संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून तांबड्या पंखांचा, लाल डोळ्यांचा भारद्वाज असा सावकाश चालत जातो, की जणू सातबाऱ्यावर नाव त्याचंच आहे. भारद्वाज दिसणं शुभ, म्हणून आमची ही त्याला हात जोडते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर फोटो. सकाळी नऊ वाजता आंब्याखाली माणसाला पेपर वाचण्यापुरता उजेड असतो, पण कॅमेऱ्याला तो पुरत नाही. पक्षी स्पष्ट यावा तर फोटो काळा, आणि फोटो उजळ यावा तर पक्षी पुसलेल्या फळ्यासारखा. कॅमेऱ्याच्या दुकानातल्या मुलाने माझे फोटो पाहिले आणि डॉक्टर एक्स-रे पाहून करतात तसा चेहरा केला. "काका, फ्लॅश लागेल. पण कॅमेऱ्यावर लावायचा नाही."

"मग कुठे?"

"बाजूला. समोरून फ्लॅश मारला की आधार कार्डावरचा फोटो येतो. डोळे चमकतात, चेहरा सपाट. उजेड कसा, तिरका पडला पाहिजे." मग त्याने मला एक छोटी पेटी दाखवली. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक बसवायची, फ्लॅशच्या पायाशी दुसरी. मधे तार नाही, सगळं रेडिओने. आणि तिसरी कळ माझ्या हातात. म्हणजे कॅमेरा बागेत, फ्लॅश झाडापाशी आणि मी कुठेही.

"कुठेही म्हणजे?"

"शंभर फुटांवर असा, भिंतीआड असा. चालतं."

मला वाटतं, माझ्या नैतिक अधःपाताची सुरुवात त्या "चालतं"पासून झाली.

कपडे वाळत घालायच्या काठीला फ्लॅश बांधला, पावसादवाची काळजी म्हणून वर दुधाची पिशवी चढवली. दुधाच्या पिशवीतून आलेला प्रकाश मऊ होतो, हा शोध माझा. कॅमेरा तिवईवर ठेवून परळाच्या काठावर नेम धरला, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. डाव्या हातात चहाचा कप, उजव्या हातात कळ. दयाळ आला, पाण्यात उतरला, पंख झाडायला लागला. मी कळ दाबली. कपातला चहा हललासुद्धा नाही.

फोटो पाहून मी खुर्चीतून उठलो. पाण्याचा एकेक थेंब हवेत थांबलेला. फ्लॅश बारीक ताकदीवर ठेवला तर तो सेकंदाचा पंधरा-वीस हजारावा भागच जळतो, आणि तेवढ्यात थेंबाला खाली पडायलासुद्धा फुरसत मिळत नाही. हे मूळचं कसब अमेरिकेतल्या हॅरल्ड एजर्टन यांचं. त्यांनी 1930 च्या दशकात असल्या विजेच्या लखलखाटाने गुंजन पक्ष्याचे पंख हवेत थांबवून दाखवले होते. मी दयाळ थांबवला. फरक फार नव्हता.

हिने फोटो पाहिला. "हा रात्री आंघोळ करतो?"

मागची बाग काळीकुट्ट आली होती. मी समजावून सांगितलं, की फ्लॅशचा उजेड जवळच्या पक्ष्यावर भरपूर पडतो, मागे पोचेपर्यंत संपतो. कॅमेरा पक्ष्याच्या हिशेबाने बेतलेला, म्हणून मागचं सगळं काळं. अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. तिप्पट केलं की नववा हिस्सा. वर्गाच्या व्यस्त प्रमाणात.

"म्हणजे सकाळचे दहा वाजले होते आणि तुम्ही रात्र केलीत."

"तसं म्हणता येईल."

"मग खोटंच की."

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार केला आणि मग तो सोडून दिला. लग्नातल्या फोटोंत नवरा-नवरी मावळत्या सूर्याकडे बघताना दिसतात तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो आणि ते भुकेने हैराण असतात, तेही आपण खरं मानतोच. खोटेपणाचा मुद्दा मला तितकासा बोचला नाही. दुसरा बोचला, आणि तो शेजारच्या माईंनी काढला.

माई सत्त्याऐंशीच्या. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे आता गल्लीतलं सगळं त्यांना दिसतं. मी कोपऱ्यावर भाजी घेत असताना त्यांनी गाठलं. "तुझ्या बागेत दुपारी विजा चमकतात त्या कसल्या रे?"

पुण्यात दुपारी एक ते चार विजेनेसुद्धा चमकू नये, असा संकेत आहे. मी दिलगिरी व्यक्त केली आणि सगळा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या डॉक्टरने माझ्या डोळ्यात बॅटरी मारली ना, तर आधी म्हणाला, 'आजी, आता उजेड पडेल हं.' तू सांगतोस का त्यांना?"

"माई, पक्षी आहेत ते."

"म्हणूनच विचारते. मला सांगितलं नसतं तर मी त्याला शिव्या दिल्या असत्या. ते काय करतील?"

यावर फोटोग्राफर मंडळींचं एक ठरलेलं उत्तर असतं. तेही मी दिलं. आकाशात वीज चमकते तेव्हा पक्षी आंधळे होतात का? होत नाहीत. माई म्हणाल्या, "वीज माझ्या खिडकीशी काठीला बांधून ठेवलेली नसते." आणि मेथीची जुडी उचलून निघून गेल्या.

फ्लॅशने पक्ष्याच्या डोळ्यांना खरोखर काय होतं, यावर जाणकारांत दोन तट आहेत. दिवसाउजेडी लांबून एखादा लखलखाट झाला तर त्यांचं फारसं बिघडत नसावं, असं म्हणणारे बरेच. मात्र काळोखात, घुबडासारख्याच्या तोंडावर मारू नका आणि घरट्याशी तर जाऊच नका, एवढ्यावर दोन्ही तट एक. हे सगळं मी वाचलं होतं. वाचलं नव्हतं, असं मला पुढे म्हणता आलं नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

वाचायला घेतलं की माणूस आपल्याला सोयीचे पूर्वज शोधतो. मलाही सापडले. जॉर्ज शायरस नावाचे एक अमेरिकन गृहस्थ, एकेकाळचे काँग्रेसचे सभासद, रात्री होडीतून जाऊन फ्लॅशने हरणांचे फोटो काढत. 1906 च्या जुलैमध्ये नॅशनल जिऑग्राफिकने त्यांचे चौऱ्याहत्तर फोटो छापले तेव्हा त्या संस्थेच्या दोन संचालकांनी राजीनामे दिले. हरणांच्या डोळ्यांसाठी नव्हे, तर आपलं विद्वत्तापूर्ण मासिक चित्रांचं पुस्तक झालं म्हणून. नीतीचा प्रश्न माणसाला नेमका कुठे टोचेल, याचा काही भरवसा नाही. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे जंगलखात्यातले साहेब. बाकीचे साहेब वाघाला गोळी घालत, तेव्हा हे वाघाच्या वाटेवर तार लावून ठेवत. वाघ तारेला अडखळला की फ्लॅश उडे आणि फोटो निघे. 1927 साली त्यांचं पुस्तक आलं. या युक्तीचं मला मोठं कौतुक वाटलं, कारण तिथे कळ दाबणारा स्वतः वाघच. चॅम्पियनसाहेब त्या वेळी तंबूत झोपलेले असणार. उद्या वाघाने तक्रार केली असती, तर कोणाविरुद्ध केली असती?

मात्र याच वाचनात एरिक हॉस्किंग भेटले. इंग्रज पक्षिछायाचित्रकारांत पहिल्या रांगेतले. 1937 साली घुबडाच्या घरट्याशी गेले असताना घुबडाने अंधारातून येऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर पंजा मारला आणि तो डोळा गेला. गृहस्थ पुढेही उरलेल्या एका डोळ्याने आयुष्यभर पक्ष्यांचे फोटो काढत राहिले, आणि आत्मचरित्राला त्यांनी इंग्रजीत नाव दिलं त्याचा अर्थ असा, की पक्ष्यासाठी एक डोळा. हॉस्किंग यांचा व्यवहार मला सगळ्यांत स्वच्छ वाटतो. ते स्वतः तिथे होते. घुबडाला माणूस सापडला. माझ्या बागेत घुबड आलं असतं तर त्याला सापडली असती दुधाची पिशवी.

आमच्या सकाळच्या कट्ट्यावर संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना मी हा पेच सांगितला. त्यांनी तत्काळ मुंडकोपनिषद काढलं. तिथे म्हणे एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा काहीच न खाता नुसता बघत बसतो. खाणारा तो कर्ता-भोक्ता जीव, बघणारा तो साक्षी. "तुम्ही साक्षी," प्राध्यापक म्हणाले. "छायाचित्रकार हा नेहमी दुसरा पक्षी."

मला अतिशय बरं वाटलं. उपनिषदात आपल्यासाठी जागा राखून ठेवलेली आहे, असं कळल्यावर कोणाला वाटणार नाही? दोन दिवस मी साक्षीभावाने कळ दाबली. तिसऱ्या दिवशी कट्ट्यावरच्या एका माजी इंजिनिअराने विचारलं, "त्या दुसऱ्या पक्ष्याकडे फ्लॅश होता का?" प्राध्यापक म्हणाले, की भाष्यकारांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

मग वाल्मीकी निघालेच. व्याधाने क्रौंचाची जोडी फोडली, ऋषीच्या तोंडून शाप निघाला आणि तोच श्लोक झाला. कट्ट्याचं असं मत पडलं की एका पक्ष्याच्या मरणातून रामायण निघालं, तेव्हा हिशेब बघता ते महाग पडलं नाही. आपल्या सलीम अलींचंही तेच. लहानपणी एअरगनने त्यांनी एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती म्हणून विचारायला हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्डसाहेबांकडे गेला, आणि तिथून पुढे एक सबंध पक्षिशास्त्र उभं राहिलं. सलीम अलींनी 1985 साली आत्मचरित्र लिहिलं तेव्हा नावातसुद्धा ती पडलेली चिमणी घेतली. लपवली नाही. पुढेही संशोधनासाठी त्यांनी बंदूक वापरली, आणि तेही लपवलं नाही. मला त्या नावाबद्दल सलीम अलींविषयी फार आदर वाटतो. तो किती, हे मला यंदाच्या मार्चमध्ये कळलं.

जाईच्या वेलात बुलबुलाने घरटं केलं. लालबुड्या बुलबुल, काळी तुरेवाली टोपी, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं. बुलबुलाला अक्कल कमी की माणसावर विश्वास जास्त, हे मला कळलेलं नाही. तो घरटं करतो ते हाताला लागेल अशा जागी. खिडकीच्या गजापासून दीड हातावर गवताची वाटी, आणि वाटीत तीन अंडी, गुलाबीसर, वर तांबूस शिंतोडे. ही म्हणाली, "आता पंधरा दिवस खिडकी उघडायची नाही." ती फोडणी देतानासुद्धा कढईवर झाकण धरायला लागली.

घरट्याशी फ्लॅश लावू नये, हे मला ठाऊक होतं ते वर सांगितलंच. पण ठाऊक असणं आणि चार फुटांवर तीन अंडी असणं, यांत फरक आहे. मी स्वतःशी असा तह केला की जवळ जायचं नाही. घरट्यापाशी जाण्यात पाप आहे ना? मग मी जातच नाही. मी बैठकीच्या खोलीत. अंतर वाढवलं की उजेड वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो, तसं पापही होत असणार. स्वयंपाकघरातून दाबलं तर एक, बैठकीतून दाबलं तर चौथाई, गच्चीवरून दाबलं तर नववा हिस्सा. चुकलं कुठे असेल तर इतकंच, की उजेड फ्लॅशपासून मोजायचा असतो आणि मी पाप माझ्यापासून मोजत होतो. फ्लॅश जागचा हललाच नव्हता.

शनिवारी ती बाहेर गेली असताना काठी रोवली. रविवारी सकाळी एक फोटो घेतला. एकच. ती अंड्यांवर बसताना अंग फुलवून, पाय आत घेऊन, एखादी आजी पाटावर बसते तशी अलगद खाली येत होती. डोळ्यात उजेडाचा एक कण. मी आजवर काढलेल्या फोटोंत तो सर्वांत चांगला, हे मला आजही मान्य आहे आणि तीच अडचण आहे.

एका फोटोवर थांबलो, याचा मला अभिमान वाटला. कॅमेरा आत आणला. फ्लॅश मात्र तिथेच ठेवला, बटण चालू ठेवून. कारण सांगतो आणि ते ऐकून तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटो. सोमवारी पहाटे पुन्हा एक घ्यायचा होता, आणि काठीपाशी जाऊन बटण दाबायला पावणेसहाला उठावं लागलं असतं. फ्लॅश काही वेळाने आपोआप झोपी जातो, ती सोय मीच आदल्या दिवशी बंद करून ठेवली होती.

रविवारी संध्याकाळी माईंच्या नातीचा साखरपुडा होता. आमची भिंत लागून. आम्ही दोघं गेलो. दिवाणखाना माणसांनी गच्च, खिडक्या बंद, आत ए.सी. फोटो काढायला एक तरतरीत मुलगा, त्याच्याकडे दोन छत्र्या आणि दोन फ्लॅश. तो कळ दाबी आणि कोपऱ्यातल्या दोन्ही छत्र्या उजळत. मी त्याच्याशी सहकाऱ्याच्या नात्याने दोन शब्द बोललोसुद्धा. अंगठी घालताना, पेढा भरवताना, मामा, काका, आत्या, मग नुसत्या बहिणी, मग नुसते मुलाकडचे. मला आणि हिला मुलीच्या मागे उभं केलं. तो म्हणाला, "काका, हसा." मी हसलो. पहिल्यांदा कोणाचे तरी डोळे मिटले होते म्हणून पुन्हा हसलो.

पानावर बसलो असताना मागच्या दारातून आलेली एक बाई म्हणाली, "पलीकडे विजा चमकतायत." मी म्हणालो, "वळवाचा पाऊस येईल." आणि वाटीतलं श्रीखंड संपवलं.

रात्री दहाला घरी आलो. बागेत काळोख. फ्लॅशचा लाल दिवा विझलेला. हात लावला तर गरम. बॅटरी पार उतरलेली. मी तिथेच उभा राहिलो आणि हळूहळू, एक एक पायरी उतरावी तसं, माझ्या लक्षात आलं. शंभर फुटांवर असा, भिंतीआड असा, चालतं.

टॉर्च लावायचा धीर झाला नाही. सकाळी पाहिलं. वाटी जागच्या जागी, आत काही नाही. टरफलाचा तुकडाही नाही. बुलबुल तारेवर बसली होती, पण बोलत नव्हती. आणि भिंतीवरून भारद्वाज चालत गेला. हिने सवयीने हात जोडले आणि मग खाली घेतले. भारद्वाज अंडी खातो, पिल्लं खातो, हे पुस्तकात आहे. दोन दिवस तो वेलापाशी घुटमळत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. फ्लॅश नसता तरी त्याने नेली असती का? शक्य आहे. काळोखात तोंडावर तीनशे विजा पडल्या म्हणून ती उठून गेली आणि मग त्याला मोकळं रान मिळालं का? तेही शक्य आहे. मला माहीत नाही, आणि ज्या दोघांना माहीत आहे त्यांच्याशी माझी भाषा जमत नाही.

फोटोवाल्या मुलाला फोन केला. तो बिचारा हादरलाच. "काका, तुमचा चॅनल कोणता होता?"

"म्हणजे?"

"पेटीवर आकडा असतो. एक ते सोळा वगैरे."

मी चष्मा लावून पाहिलं. "एक."

"माझाही एक. कारखान्यातून एकच येतो हो. कोणी बदलत नाही."

आता मला सांगा. कळ त्याने दाबली, पण त्याला नातीच्या अंगठीशी मतलब. बुलबुल नावाचा प्राणी त्याच्या गावीही नव्हता. फ्लॅश माझा, पण मी त्या वेळी श्रीखंड खात होतो. आकडा कारखान्याने घातला, पण कारखान्याला प्रभात रोड कुठे माहीत? अंडी नेली असलीच तर भारद्वाजाने, आणि त्याने काही गैर केलं नाही. चॅम्पियनसाहेबांच्या वाघाने निदान स्वतःच्या पायाने तार ओढली होती. इथे सगळे साक्षी, आणि घरटं रिकामं. कट्ट्यावर यावर दोन सकाळ खल झाला. माजी इंजिनिअराचं मत पडलं, हा अपघात. एका माजी वकिलाने निष्काळजीपणा हा शब्द वापरला आणि त्याची कलमं सांगायला सुरुवात केली. प्राध्यापकांनी निमित्तमात्र हा शब्द काढला, पण माझ्याकडे पाहून परत ठेवला.

माईंना सांगायला मी स्वतः गेलो. त्यांच्या घरच्या कार्यात विघ्न नको म्हणून आठ दिवस थांबून गेलो, असं मी म्हणेन. घाबरून थांबलो, असं ही म्हणते. माईंनी तांदूळ निवडता निवडता ऐकलं. पाप हा शब्द मीच काढला.

"पाप-बिप मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "घरातून शेवटी कोण निघालं?"

"मी."

"मग दिवा कोणी मालवायचा?" आणि खडा काढून बाजूला टाकला.

इथे गोष्ट संपली असती तर मी निदान दुःखी सज्जन ठरलो असतो. पण सप्टेंबरात गल्लीच्या गणपतीत छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं. मी देणार नव्हतो. देणार नव्हतो, हे मी हिला तीनदा सांगितलं, आणि शेवटच्या दिवशी देऊन आलो. फोटो चांगलाच होता हो. मोठा करून लावल्यावर तर ती बुलबुल लोकांकडे अशी बघत होती, की बायका वाट सोडून थांबत. नाव दिलं होतं "वात्सल्य". पहिलं बक्षीस मिळालं, एक लिटरचा स्टीलचा थर्मास. सिंहगडाच्या दरीत उन्हाळ्यात पाण्याच्या डबक्यासमोर रांगेने नळकांडी लावून स्वर्गीय नर्तकाची वाट बघणारे जे खंदे वीर असतात, त्यांच्यापैकी एकाने माझा हात हातात घेऊन विचारलं, "तिरका उजेड ना?" मी विनयाने मान हलवली.

आणि वरच्या मजल्यावरचा आठ वर्षांचा मुलगा फोटोसमोर बराच वेळ उभा होता. त्याने विचारलं, "आजोबा, मग पिल्लं कुठे गेली?"

मी म्हणालो, "उडून गेली."

काहीच अडलं नव्हतं. आजूबाजूला माणसंही फारशी नव्हती. सलीम अलींनी पडलेली चिमणी पुस्तकाच्या कपाळावर लिहिली आणि मला आठ वर्षांच्या पोरासमोर तीन अंडी सांगता आली नाहीत. तीनशे लखलखाटांचं मी कोणावर तरी वाटून टाकू शकतो. मुलाला, कारखान्याला, भारद्वाजाला. हे दोन शब्द मात्र मी जवळून, समोरासमोर, कळ-बिळ न वापरता उच्चारले होते, आणि तिथे वाटेकरी कोणी सापडेना.

महिनाभर तो मुलगा जिन्यात दिसला की मी वर्तमानपत्र उघडी. चालता चालता वर्तमानपत्र वाचणारा माणूस फार काळ टिकत नाही. परवा दुपारी तो मांजराच्या शोधात आमच्याकडे आला, तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात बसवलं. वेलातली वाटी अजून तिथेच आहे, ती खिडकीतून दाखवली आणि सगळं सांगितलं. काठी, बटण, साखरपुडा, चॅनल एक. भारद्वाजाचंही सांगितलं, पण शेवटी. ही ओट्याशी पाठ करून उभी होती आणि तिने नळ बंद केला.

त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही हसलात तेव्हा पण लागला?"

"हो. दोनदा."

त्याने जरा विचार केला. बिस्किट संपवलं. "आजोबा, मग बक्षीस परत केलंत?"

मी टेबलाकडे पाहिलं. थर्मास आमच्या दोघांच्या मधेच होता, आणि सकाळी सातला भरलेला चहा दुपारी तीनलासुद्धा वाफाळत होता.